एन्नोरच्या खाडीतला कार्तिक

ऑक्टोबर संपता संपता आमच्याकडे आभाळ अगदी रिकामं होतं. मूर्तिजापूरच्या बाहेर सोयाबीनची रानं मोकळी झालेली असतात, कापसाची पहिली वेचणी चालू असते, आणि ऊन असं पडतं की घरातल्या गाद्या, डाळी, मिरच्या सगळं गच्चीवर येतं. मी कॉलेजमधून दुपारी परत येते, वर जाऊन उडदाची डाळ उलटीपालटी करते आणि उगीच पुन्हा पुन्हा पूर्वेकडच्या कोरड्या आभाळाकडे बघते. कारण काही नसतं. मग संध्याकाळी बातम्यांत बंगालच्या उपसागराचा नकाशा येतो, त्यावर कमी दाबाचं ते गोल गोल फिरणारं पांढरं काहीतरी दिसतं, आणि कळतं की मी कशाची वाट पाहत होते. चेन्नईत पाऊस लागला असणार.

त्या शहराचं पावसाचं वेळापत्रक आपल्याहून उलटं. जून-जुलैत आपण छत्र्या शोधत असतो तेव्हा तिथे चपलेखालचं डांबर मऊ झालेलं असतं. मी तिथे पोचले ती जूनमध्येच. चौतिसाव्या वर्षी, कॉलेजनं दिलेली अभ्यासरजा घेऊन, पीएच.डी. करायला. रसायनशास्त्र शिकवणारी बाई, आयुष्यात समुद्र दोनदा पाहिलेला, आणि विषय मिळाला खाडीतल्या कोळंबीत किती जड धातू साचतात हे मोजण्याचा. विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी दिला. ‘कोळंबी तुम्ही खाता ना?’ एवढंच त्यांनी विचारलं. मी कधी खाल्ली नव्हती, पण हो म्हटलं. परक्या गावात पहिल्या दिवशी माणूस सगळ्यालाच हो म्हणतं.

खोली शहराच्या दक्षिणेला वेलचेरीत मिळाली, पद्माबाईंच्या घरी, वरच्या मजल्यावर. पद्माबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, एकट्या. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. फोनवर कुणीतरी मला सांगितलं होतं, घरमालकीण मराठी आहे, काळजी नको. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, ‘ये गे, बैस. जेवलीस कीं नाहीं?’ शब्द माझे, चाल तमिळ. मला एखाद्या जुन्या पोथीनं बोलावल्यासारखं वाटलं. त्यांना माझं मराठी फार भरभर वाटायचं. ‘हळू बोल गे,’ म्हणायच्या, ‘अम्चें मराठी इथें उष्ण्यांत मऊ झालेंय.’ आम्ही दोघी एकाच भाषेच्या दोन टोकांना उभ्या राहून एकमेकींना हाका मारत असू. तरी दिवसभरात माझं नाव कुणी नीट उच्चारलं तर ते तेवढं एकच दार.

बाकी सगळीकडे मी मुकी होते. दही मागायला भांड्याचा आकार हातानं काढून दाखवायचा. शेअर ऑटोत उतरायचं ठिकाण आलं तरी ‘थांबवा’ म्हणता यायचं नाही, मग पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावायचा. वर्गात मी पन्नास मुलांना गप्प करू शकत होते, आणि इथे औषधाच्या दुकानात पोटदुखी सांगताना घाम फुटायचा. प्रयोगशाळेतही महिनोन्महिने काहीच धड झालं नाही. ज्या नमुन्यात काहीच नसायला हवं, त्यातही यंत्र धातू दाखवायचं. म्हणजे माझ्याच भांड्यांत, माझ्याच हातात काहीतरी खोट. सर ओरडत नसत. ते फक्त ‘पुन्हा करा’ म्हणत आणि पंख्याकडे बघत.

वेलचेरीचं रेल्वे स्टेशन प्रचंड मोठं आहे. काँक्रीटचे उंच खांब, रिकामे जिने, मधल्या मजल्यावर माणूसच नाही. मी तिथे एका खांबामागे बसून रडायचे. सकाळी, साडेनऊच्या सुमारास, कामावर जायच्या आधी. आता सांगताना लाज वाटत नाही. एका सफाईवाल्या बाईनं मला तिथे तीनचारदा पाहिलं. नंतर ती त्या खांबामागचा कोपरा आधी झाडून ठेवू लागली.

*

मुनियम्मा भेटली ऑगस्टमध्ये. आठवड्यातून दोनदा मला शहराच्या उत्तर टोकाला, एन्नोरच्या खाडीवर जावं लागे. वेलचेरीहून बीच स्टेशन, तिथून दुसरी गाडी, मग बस, मग खाडीच्या काठानं चालणं. पलीकडे वीजकेंद्राच्या धुरकट चिमण्या, अलीकडे होड्या, मधे राखी रंगाचं उथळ पाणी. त्या पाण्यात बायका कमरेइतक्या बुडून, वाकून, दोन्ही हातांनी तळाचा चिखल चाचपत पुढे पुढे सरकत होत्या. जाळं नाही, काही नाही. कोळंबी बोटांना लागली की पकडायची आणि तोंडात धरलेल्या टोपलीत टाकायची. ताडाच्या पानांची छोटी टोपली, तिची कड दातांत. चार-चार तास.

सरांनी ओळख करून दिलेल्या मच्छीमार संस्थेच्या माणसानं त्यातल्या एकीला हाक मारली. ती पाण्यातून आली, टोपली तोंडातून काढली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पन्नाशीची असेल. बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. त्या माणसानं तिला मी कोण ते सांगितलं. तिला त्यातला एकच शब्द धरावासा वाटला.

‘टीचर?’ तिनं मला विचारलं. मी मान हलवली. तेव्हापासून मी टीचर.

तिच्याशी माझं जमलं याचं कारण अगदी साधं होतं. तोंडात टोपली असताना तिलाही बोलता येत नसे. त्या सगळ्या शहरात माझ्याइतकी मुकी अशी तीच एक. मी सलवार गुडघ्याच्या वर खोचून तिच्या मागे पाण्यात उतरायचे, पाण्याचा खारटपणा मोजायचे, तळाचा चिखल बाटलीत भरायचे, आणि ती मधेच वळून माझ्या पिशवीत मूठभर कोळंबी टाकायची. पाय कुठे ठेवायचा ते ती मला हाताला धरून दाखवायची. शिंपल्यांच्या कडांनी माझे तळवे फाटले तेव्हा तिनं आपल्या सुनेकडून मोज्यांची जुनी जोडी आणवली. सुनेचं नाव कला. तिला तिसरा महिना होता, आणि ती काठावर बसून कोळंबी निवडत माझ्या तमिळवर मनसोक्त हसायची. माझं तमिळ मी तिच्याकडून शिकले: पाणी, चिखल, पाय, भूक, उद्या.

मग ऐप्पसी लागला, त्यांचा पावसाचा महिना. एका सकाळी आभाळ समुद्रावरून काळं होऊन आलं आणि चार दिवस हललं नाही. खाडीत गोडं पाणी भरलं की कोळंबी येते; तमिळमध्ये तिला एरा म्हणतात. बायका आनंदात होत्या. मुनियम्माची टोपली तासाभरात भरायची. ती मला पावसात उभी करून स्वतःच्या पदरानं माझं डोकं पुसायची आणि विचारायची, ‘साप्टिया?’ जेवलीस का. मी नाही म्हटलं की स्टीलचा डबा उघडायची. लाल रश्शातली एरा आणि भात. मी पहिल्यांदा खाल्ली ती तिच्या हातची. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं आणि पोटात पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी उतरलं. मी, कला आणि मुनियम्मा, एका फाटक्या ताडपत्रीखाली, एकाच डब्यातून जेवत होतो. इथे राहता येईल असं मला त्या दिवशी वाटलं.

*

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझे प्रयोग नीट यायला लागले. कोरे नमुने कोरेच दिसू लागले. मी इतकी खूश झाले की पुढचे आकडे काय सांगताहेत हे कळायला मला काही मिनिटं लागली.

कोळंबीत शिसं होतं. थोडंथोडकं नाही. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, माझंच चुकलेलं असू दे. इतके महिने ज्या चुकीसाठी रडले, ती चूक आता हवी होती आणि ती होत नव्हती.

सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा काढला, एकेका आकड्यावर बोट ठेवत खाली गेले.

‘छान काम झालंय,’ ते म्हणाले.

‘सर, तिथल्या बायका हे रोज खातात. एक गरोदर आहे.’

‘दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेऊ. तोवर कुणाशी बोलू नका.’

‘किती दिवस?’

‘दोन-तीन महिने. हे बघा, अर्धवट आकडा बाहेर गेला तर त्यांची कोळंबी कुणी घेणार नाही, आणि उद्या तो आकडा चुकला तर? आपण मोजणारी माणसं आहोत. गाव चालवत नाही.’

ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, हीच अडचण होती. शिसं कुठून आलं हे तर माझ्या कामात बसतच नव्हतं. किती आहे, एवढंच.

मी गप्प राहिले. किती काळ, ते मला दिवसांनी नाही, डब्यांनी आठवतं. सहा डबे. त्या तीन आठवड्यांत मी सहा वेळा एन्नोरला गेले आणि सहाही वेळा मुनियम्मानं डबा उघडला. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी खाल्लं. माझ्यासमोर कला खात होती, बोटं चाटत, आणि मीही खात होते. तिच्या ताटातली कोळंबी मी चेष्टेनं उचलून माझ्या तोंडात टाकायचे. ती समजायची टीचरला फार आवडते, आणि आणखी वाढून घ्यायची. मी शिकलेली बाई, मला याहून चांगला मार्ग सुचला नाही. अजूनही कधी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असताना मला ते ताट आठवतं आणि खडू थांबतो.

*

त्यानंतर वेलचेरी बुडाली. ती दरवर्षी थोडी थोडी बुडते. त्या वर्षी जरा जास्त. सकाळी गल्लीत घोट्याइतकं पाणी होतं, दुपारी पद्माबाईंच्या उंबऱ्यात. आम्ही दोघींनी देव, तांदळाचा डबा, औषधं आणि गॅसची शेगडी वर माझ्या खोलीत नेली. वीज गेली. खाली त्यांची लाकडी कपाटं पाण्यात तरंगून भिंतीवर आपटत होती, त्याचा आवाज वर येत होता. दोन दिवस त्या माझ्या पलंगावर बसून होत्या. काळजी करण्यासारखं सगळं खाली होतं आणि त्या वर बसून तांदूळ निवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शेगडीवर सार केलं. साराचं त्यांचं एक वेगळं भांडं होतं, मऊ, रुपेरी, जुनं. ते त्यांनी फडक्यात गुंडाळून सगळ्यांत आधी वर आणलं होतं.

‘हे कुठल्या धातूचं आहे?’ मी विचारलं.

‘ईयम. ईयाच्या चोंब्यांतच साराला चव येत्ये.’

मी म्हटलं, कथिल असणार. त्या म्हणाल्या, असेल. तमिळांत कथिलही ईय, शिसेंही ईय, घरांत कोण वेगळें काढतो. मी सार हातात घेतलं आणि मला ते पिता येईना. मी रडायला लागले. मग सगळं सांगितलं: आकडे, सर, कला, सहा डबे.

पद्माबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली. झाकून खिडकीत ठेवली. समोरच्या घराच्या जिन्यावर माणसं दोर बांधत होती.

‘सांगायचें आहे तुला?’

‘माहीत नाही. सांगितलं तर त्यांचं पोट जाईल. नाही सांगितलं तर...’

‘एकदां सांगटलेंस कीं परत घेतां येणार नाहीं. तें ठाऊक आहे ना?’

मी हो म्हटलं.

‘मग पाठ कर,’ त्या म्हणाल्या, आणि शाळेत शिकवतात तशी त्यांनी मला दोन वाक्यं शिकवली. ‘इदुल ईयम इरुक्कु. साप्पिडादींग.’ यात शिसं आहे. खाऊ नका. मी चुकले की त्या मांडीवर बोटानं टकटक करायच्या. बाहेर पाऊस, खाली कपाटं आपटताहेत, आणि आम्ही दोघी ते दोन वाक्यांचं तमिळ घोकत बसलेल्या. ‘ई लांब ओढ,’ त्या सांगत होत्या. ‘नाहींतर तिला कळणार नाहीं.’

*

पाणी ओसरल्यावर गाड्या सुरू झाल्या आणि मी एन्नोरला गेले. खाडी फुगलेली, तपकिरी. बायका काठावर थांबल्या होत्या. मुनियम्मा आणि कला ताडपत्रीखाली बसलेल्या. मुनियम्मानं मला पाहून आधी माझे हात धरले, घर बुडालं का विचारलं, आणि मग डबा पुढे ओढला.

मी ती दोन वाक्यं म्हटली.

मुनियम्माला वाटलं माझं तमिळ चुकलं. तिनं कलाकडे पाहिलं. कला हसली नाही.

‘ईयम?’ मुनियम्मा म्हणाली. तिनं शेजारी पडलेल्या जाळ्याची कड उचलली आणि तिला ओवलेले करडे मणी मला दाखवले. ‘हे?’

तेच होतं. जाळं तळाला जावं म्हणून लावतात ते शिसं.

‘हो,’ मी म्हटलं. ‘एराच्या आत. बारीक. दिसत नाही. पोटातल्या बाळाला...’ पुढचे शब्द माझ्याकडे नव्हते. मी कलाच्या पोटाकडे बोट केलं आणि मग डोक्याकडे, आणि मान हलवली. एवढंच करता आलं. असं कुणी कुणाला सांगू नये.

कलानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिनं दोन्ही हात पोटावर घेतले आणि सासूकडे पाहत राहिली.

मुनियम्मानं डब्याचं झाकण लावलं. ‘केव्हा कळलं तुला?’

मी खोटं बोलू शकले असते. ‘पुराच्या आधी. तीन आठवडे झाले.’

‘आणि तू खात होतीस.’

‘हो.’

‘का?’

मी तिच्या डब्याकडे बोट केलं. तिनं मग हळू, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून बोलायला सुरुवात केली. ‘पाणी काळं होतं ते आम्हाला दिसतं. मासा कमी झाला ते दिसतं. माझ्या हाताची कातडी जाते ते दिसतं. तू नाव सांगितलंस, बरं झालं. आता हे सांग. उद्या मी काय धरू? ही काय खाईल? ते तुझ्या कागदात आहे का?’

‘नाही.’

‘रक्त तपासून देशील आमचं?’

‘देईन. नक्की देईन. सगळ्यांचं.’

तिनं टोपलीतला चिखल झटकला. मग नको म्हणाली. ‘तू आकडा सांगशील आणि तुझ्या गावाला जाशील. आकडा इथे राहील.’

ती उठली, टोपली दातांत धरली आणि पाण्यात उतरली. तोंडात टोपली असलेल्या माणसाशी बोलता येत नाही. मी काठावर उभी राहिले. त्या दिवशी तिनं मला काही खाऊ घातलं नाही, आणि मी भुकेली परत आले, आणि ती भूक मला फार रास्त वाटली.

*

पुढच्या महिन्यात मी धडपडले. खाडीचं पाणी सरकारनं तपासावं असा अर्ज पद्माबाईंनी तमिळमध्ये लिहून दिला. एन्नोरच्या चार बायका, मी आणि पद्माबाई एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला, अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून दिला. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर या, ते म्हणाले. मी सरांना म्हटलं, अहवाल लवकर काढू. सर म्हणाले, घाईचा अहवाल पहिल्याच प्रश्नाला पडतो. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता. मी रोज संध्याकाळी ओल्या भिंतींच्या वासात बसून आकड्यांचे तक्ते करायचे आणि मला वाटायचं, आपण एका बाईला भर पाण्यात उभी करून त्या पाण्याची खोली मोजतो आहोत.

कला तिच्या माहेरी गेली, आत तिरुवळ्ळूरकडे, खाडीपासून लांब. तेवढं एक झालं. ती जाताना मला भेटली नाही. तिनं एरा सोडली, ताकभातावर राहते, असं दुसऱ्या एका बाईकडून कळलं. आधीच्या पाच-सहा महिन्यांचं काय, हे त्या बाईनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मला ते अजूनही माहीत नाही. पुढे मुलगी झाली, बारीक आहे, रडते खूप, एवढं पद्माबाईंकडून कळलं. बारीक मुलं सगळीकडेच असतात. मी स्वतःला तेच सांगते.

चेन्नई त्यानंतर मला परकी राहिली नाही. बस थांबवता येऊ लागली, औषध मागता येऊ लागलं, भाजीवाली भावात फसवू शकेना. माणूस एखाद्या गावात रुळतं ते कधी, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मला वाटतं, तिथल्या कुणाचं तरी आपल्या हातून नुकसान होतं आणि तरी त्याच रस्त्यानं रोज जावं लागतं, तेव्हा.

डिसेंबरच्या मध्यावर त्यांचा कार्तिक संपत आला तेव्हाची एक सकाळ. पाऊस मागे हटला होता, ऊन कोवळं होतं, खाडी पुन्हा उथळ झाली होती. मुनियम्मा दोन आठवडे माझ्याशी बोलली नव्हती. नमुने मी दुसऱ्या बायकांकडून घेत होते. त्या दिवशी ती पाण्यातून सरळ माझ्याकडे आली, टोपली खाली ठेवली आणि केळीच्या पानात बांधलेली एक पुडी काढली.

‘हे चिमण्यांच्या बाजूचं,’ ती म्हणाली. मग दुसरी पुडी. ‘हे पुलाखालचं. हे समुद्राच्या तोंडाचं. वेगळं वेगळं ठेवलंय. मिसळू नकोस.’

मी पिशव्या काढल्या. तिनं एकेक पिशवी उघडी धरली. मी नावं लिहिली, तारीख लिहिली. ती प्रत्येक अक्षराकडे लक्ष देऊन पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं.

‘नीट लिही,’ ती म्हणाली. ‘कुणाला खोडता येणार नाही असं.’

‘हो.’

‘किती दिवस लागतील?’

‘तिन्ही जागांचं, सगळ्या ऋतूंत मोजून पक्का अहवाल यायला दोन वर्षं,’ मी म्हटलं.

तिनं मनाशी काही हिशेब केला. ‘म्हणजे तोवर कलाचं मूल स्वतःच्या हातानं जेवायला लागेल,’ ती म्हणाली, आणि टोपली उचलून पुन्हा पाण्यात गेली.

प्रत्यक्षात चार लागली.